रसायन सांडलं तर : आधी माणूस, मग माल

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं रंगाई, भंगार, गॅरेज, गोडाऊनमध्ये कामाला जातात. शाळेत आम्ही आम्लाचे गुणधर्म शिकवतो. ड्रम फुटला तर काय करायचं, ते मात्र राहून जातं. म्हणून ही माहिती घरात सर्वांना वाचून दाखवा.

दुर्लक्ष किती महागात पडतं, हे मुंबईतल्या शिवडीने पाहिलं आहे. १४ जुलै २०१० रोजी हाजी बंदर भागात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरहून जास्त लोकांना त्रास झाला.

आधीची खबरदारी : प्रत्येक ड्रमवर रसायनाचं नाव हवं. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन सुटतो. ड्रमभोवती बांध हवा, म्हणजे सांडलेलं गटारात जाणार नाही. भंगारातला रिकामा ड्रमही न विचारता कापू नये. आत उरलेल्या वाफेचा भडका उडू शकतो.

गळती झाल्यावर : ओरडून सर्वांना सावध करा आणि बाहेर पडा. वारा गळतीकडून येत असेल तर बाजूने निघा. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, म्हणून उंचावर जा. गळक्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारू नका, गळती वाढते. अंगावर आम्ल पडल्यास कपडे काढून वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटं धुवा. १०१ किंवा ११२ वर फोन करा. मास्कशिवाय कुणाला वाचवायला आत शिरू नका.

मालकाला विचारायला घाबरू नका. जान सलामत, तर रोजी पुन्हा मिळते.