कंडोम कशासाठी? एका वस्तूचे दोन इतिहास

वणीसारख्या तालुक्याच्या गावात मेडिकलवर कंडोम मागायचा तर माणूस आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघतो. 'संस्कार' असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तेव्हा आधी हे विचारा: ही वस्तू लोकांना कशासाठी म्हणून सांगितली गेली?

कंडोमची कामं दोन: गर्भधारणा टाळणं आणि लैंगिक संबंधातून पसरणारे आजार टाळणं. मराठीत र. धों. कर्वे यांनी दोन्ही विषय हाताळले. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षीचं. कर्व्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं, तसंच गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावरही. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, तरी कर्व्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक चालवलं.

पुढे १९६८ मध्ये सरकारने 'निरोध' आणला, १५ पैशांना तीन. चहा-साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो किराणा दुकानांपर्यंत गेला. वितरण म्हणून ही योजना अभ्यासण्यासारखीच आहे. पण लाल त्रिकोणाखालचा संदेश होता नवरा-बायकोसाठी, मुलं मोजण्यासाठी. आजाराची गोष्ट मागे पडली.

ती परत आली १९८६ नंतर, जेव्हा तेव्हाच्या मद्रासमध्ये एचआयव्हीची पहिली नोंद झाली. १९९२ मध्ये नॅको स्थापन झाली. आता कंडोमचा संदेश देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि ट्रकचालकांकडे वळला. कोळशाच्या ट्रकांची रांग रोज बघणाऱ्या वणीकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझा मुद्दा एवढाच: एका इतिहासाने कंडोम लग्नाला जोडला, दुसऱ्याने 'जोखमीच्या' लोकांना. कॉलेजातलं अविवाहित जोडपं दोन्हीत बसत नाही. म्हणून काउंटरवर आपण कोण ठरणार, याची भीती वाटते आणि तयारी राहून जाते.

हे तपासायचं असेल तर जुन्या मासिकांतल्या आणि भिंतींवरच्या जाहिराती गोळा करा. चित्रात कोण आहे, कोण नाही, बचाव कशापासून सांगितलाय, याची नोंद करा. तुमच्या नोंदींतून माझा मुद्दा खोटा ठरला, तरी तो निष्कर्षच आहे.

आणि संशोधनाबाहेरचं, पण तितकंच कामाचं: गोळ्या किंवा तांबी गर्भ टाळतात, आजार नाही. दोन्हींपासून एकाच वेळी बचाव करणारं साधन कंडोमच. तेव्हा जोडीदाराशी आधी बोला, मुदतीची तारीख बघून घ्या, पाकिटात चेपून किंवा उन्हात ठेवू नका. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवली जाते.