सहारला टाकी भरली, दिल्लीत आग लागली

१९९१ चा जानेवारी सरत आलाय. सकाळी तुम्ही नागपूरच्या बर्डीवर, व्हरायटी चौकापाशी उभे आहात. हातात तर्री-पोह्यांची प्लेट आहे. तर्री इतकी सढळ, की कागद भिजून तांबडा थेंब थेट स्वेटरवर पडला. मेट्रोचे खांब शोधू नका. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. आखातातलं युद्ध मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर थेट दिसतंय, असं तुम्ही नुसतं ऐकून आहात. इथे जो पेपर आणतो तो पहिलं पान स्वतः धरतो, बाकीचं वाटून टाकतो.

आज मात्र पहिल्या पानासाठी ओढाताण चालली आहे. मुंबईच्या सहार विमानतळावर अमेरिकन लष्कराची मालवाहू विमानं इंधन भरताना कुणीतरी टिपली आहेत. सी-१४१ स्टारलिफ्टर. फिलिपाइन्सकडून येतात, टाकी भरतात, आखाताकडे जातात. हे ९ जानेवारीपासून, म्हणजे बगदादवर पहिला बॉम्ब पडायच्या आधी आठवडाभर, चालू आहे. तीन-चार महिन्यांपूर्वी याच सहारवर एअर इंडियाची विमानं कुवेतमधून निसटलेल्या लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे आणून सोडत होती.

तुमच्या शेजारी लुनाच्या सीटवर बसलेल्या काकांचा मुद्दा वेगळा आहे. ऑक्टोबरात पेट्रोलवर २५ टक्के ‘गल्फ सरचार्ज’ बसला, तो त्यांना अजून झोंबतोय. ‘‘काहून भाऊ, आमच्या लुनाले पेट्रोल महाग करून ठेवलं, अन् त्यांच्या विमानाले टाकी फुल करून देऊन राहिले?’’

दुसरा म्हणतो, त्या विमानांत पेट्रियटचे सुटे भाग असतील. पेट्रियट हा शब्द दोन आठवड्यांत नागपूरकरांच्या तोंडात बसलाय. इराक स्कड क्षेपणास्त्र सोडतो, अमेरिकेचं पेट्रियट त्याला आकाशातच गाठतं, असं रोज छापून येतं. सरकार म्हणतं, विमानांत घातक सामान नाही. ते खरं असेलही, पण टाकी भरताना पोटात काय आहे ते कोण उघडून बघतो? इतके दिवस गप्प बसलेल्या सरकारचं हे वाक्य बर्डीवर कुणी मनावर घेत नाही.

सरकार तरी किती जुनं? १० नोव्हेंबरला चंद्रशेखर पंतप्रधान झाले. जवळ साठेक खासदार, बाकीचा भार बाहेरून टेकू दिलेल्या राजीव गांधींच्या काँग्रेसवर. संरक्षण खातंही चंद्रशेखरांकडेच. परराष्ट्रमंत्री विद्याचरण शुक्ल. हे नाव ऐकून पोहेवाल्याच्या बाकावरचे एक निवृत्त मास्तर मान वर करतात. शुक्ल रायपूरचे खरे, पण वडील रविशंकर शुक्ल मध्य प्रांत-वऱ्हाडाचे पंतप्रधान, राजधानी नागपूर, आणि विद्याचरण शिकले ते इथून हाकेच्या अंतरावरच्या मॉरिस कॉलेजात. आणीबाणी लागताच इंद्रकुमार गुजरालांच्या जागी ते माहिती खात्यात आले आणि वृत्तपत्रांना कात्री लावली. आता परराष्ट्र खात्यातही गुजरालांच्याच मागून आलेत. वर पक्षांतरबंदीखाली याच ११ जानेवारीला लोकसभेतून अपात्रही ठरलेत. ज्यांनी छापायचं काय हे ठरवलं, त्यांची फजिती एका फोटोनं व्हावी, यावर मास्तर मनापासून हसतात. तुम्हीही हसा. नागपूरकराला एवढा हक्क आहे.

माझं मत विचाराल तर इंधन देणं हा वेडेपणा नव्हता. तिजोरीत परकीय चलन उरलं नव्हतं. याच जानेवारीत नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलर मिळाले. अशा वेळी अमेरिकेला नाही म्हणायला छाती लागते आणि पैसाही. चुकलं ते पुढे. निर्णय घेतला, पण तो आपला म्हणायला कुणी तयार नव्हतं. फोटो छापून आल्यावर खुलाशांची रांग लागली: सामान घातक नाही, उड्डाणाची परवानगी तर आधीचे पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांच्या काळातच दिली होती. ज्यांच्या टेकूवर सरकार उभं, ते राजीव गांधीच अलिप्ततेचा झेंडा घेऊन उठले. सुब्रमण्यम स्वामींसारखा एखादाच मंत्री छातीठोकपणे समर्थन करत होता.

पानं उलटा. १५ फेब्रुवारीला मॅसॅच्युसेट्समधल्या पेट्रियटच्या कारखान्यात अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश कामगारांना सांगताहेत: ४२ स्कडना तोंड दिलं, ४१ पाडले. टाळ्या. पुढे एमआयटीच्या थिओडोर पोस्टोल यांनी चित्रफिती तपासून त्या आकड्याची पार दैना केली. २५ फेब्रुवारीच्या रात्री सौदीतल्या धाहरानजवळ एका स्कडनं बराकीत २८ अमेरिकन सैनिक मारले. तिथली पेट्रियटची यंत्रणा शंभर तासांहून जास्त वेळ बंद न करता चालली होती. तिच्या संगणकात दर सेकंदाच्या दहाव्या भागाला कणभर चूक साठत गेली, घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं, आणि स्कड जिथे होता तिथे रडार बघतच नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पोचलं दुसऱ्या दिवशी. थापा काय फक्त दिल्लीतच मारतात असं नाही!

तोवर सहारची टाकी बंद झाली होती. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारनं माघार घेतली, शुक्लांनीही खातं सोडलं. ६ मार्चला चंद्रशेखरांचा राजीनामा आला, तोही इंधनावरून नव्हे, तर राजीव गांधींच्या घराबाहेर पाळत ठेवताना सापडलेल्या हरियाणाच्या दोन हवालदारांवरून. बर्डीवर त्या दिवशी अमेरिकेचं नावही कुणी काढत नाही. चर्चा आहे ती निवडणुकीची.

आता पंचवीस वर्षं पुढे या. २९ ऑगस्ट २०१६, वॉशिंग्टन. पायात साधी चप्पल घालून फिरणारे म्हणून ओळखले जाणारे गोव्याचे मनोहर पर्रीकर, भारताचे संरक्षणमंत्री, अमेरिकेचे संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर यांच्याबरोबर एका करारावर सही करताहेत. दोन्ही देशांच्या लष्करांनी एकमेकांच्या तळांवर पैसे मोजून इंधन, रसद घ्यायची सोय. म्हणजे जवळपास तेच, जे सहारला चोरून चाललं होतं. काँग्रेसनं टीका केली, डाव्यांनी केली. पर्रीकरांनी पत्रकारांसमोर सांगितलं, यात कुठे तळ उभारायचा प्रश्नच नाही. सरकारजवळ लोकसभेत स्वतःचं बहुमत होतं, त्यामुळे आवाज फार चढला नाही. नागपुरात दुसऱ्या दिवशी बहुतेकांना पोळ्याची आठवण जास्त होती, कारण तो दोनच दिवसांवर आला होता.