वेदनेची आणेवारी

पिकाची आणेवारी सरकारी अधिकारी ठरवतो. वेदनेची आणेवारी मात्र रुग्णावाचून इतर कोणालाही ठरवता येत नाही. ही साधी गोष्ट वैद्यकाने फार उशिरा मान्य केली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली जी प्रश्नावली मांडली, तीत रुग्णाच्या शब्दांनाच मोजमापाचा मान मिळाला. ठणका, चमक, आग, टोचणी यांतला फरक डॉक्टरांनी ऐकून घ्यावयाचा होता. शून्य ते दहा ही पट्टीही आता रूढ आहे. नरडाण्याच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला मात्र 'रुपयात किती आणे दुखते?' असेच विचारावे, असे मला वाटते. तो नुसते 'दुखस' म्हणाला आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले, तर निदान अर्धेच झाले.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. देह, मन, कुटुंब आणि श्रद्धा या चारही ठिकाणी रुग्ण दुखावलेला असतो, हे त्यांचे सांगणे. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला 'शांती अवेदना' सुरू केले. अशा प्रकारचे ते भारतातील पहिले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत जावे, आणि औषध रुग्ण कळवळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे.

परंतु शिडीची वरची पायरी आपण स्वतःच काढून घेतली होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी रांग लावली आणि शिक्षेचे असे भय घातले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ मध्ये साऱ्या देशात ते जेमतेम १८ किलो वापरले गेले. नरडाण्यावरून जाणारा आग्रा रस्ता पुढे माळव्यात चढतो. त्याच माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते. पीक घरचे, आणि घरचाच रुग्ण तळमळत राहिलेला!

वेदना ही ख्रिस्ताच्या क्रुसातील वाटा आहे, तेव्हा ती सोसावी, असे काही भाविक म्हणतात. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे याचे स्पष्ट उत्तर दिले आहे: वेदनाशमन उचित आहे, त्यायोगे आयुष्य, तसा हेतू नसताना, थोडे घटले तरीही. सोसणे कोणी स्वेच्छेने पत्करील; ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने देशभर एकच नियम आणला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला मॉर्फिन ठेवता येते. मुंबईहून रुग्णाला गावी परत आणणाऱ्यांनी असे रुग्णालय जवळ कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच तेथील डॉक्टरांना विचारून घ्यावे.