समलैंगिकता, महाराष्ट्रातील

समलैंगिकता, महाराष्ट्रातील : स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी वाटणारे प्रेम व कामाकर्षण म्हणजे समलैंगिकता. स्वतःला स्त्री वा पुरुष मानण्याची जी जाणीव, म्हणजे लिंगभाव, तिच्याहून ही भिन्न होय. महाराष्ट्राच्या लोकधर्मात मात्र दोन्ही बहुधा एकत्रच दिसून येतात.

या विषयात धर्मग्रंथांचे एकमत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चे वर्णन निंदेविना येते. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी केलेल्या समागमास सचैल स्नानाचे प्रायश्चित्त आहे. कुमारिकेने कुमारिकेस दूषित केल्यास मात्र दंड व दहा फटके सांगितले आहेत. बौद्धांच्या विनयपिटकात पंडकास प्रव्रज्या नाकारलेली आहे. ख्रिस्ती व इस्लामी धर्मशास्त्रांच्या परंपरागत मतांनुसार समलिंगी समागम निषिद्ध होय. त्यास फौजदारी गुन्ह्याचे स्वरूप ब्रिटिश अमदानीतील १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने आले.

लोकधर्माने निराळी वाट काढली. दक्षिण महाराष्ट्रात व सीमाभागात, विशेषतः सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेच्या उपासनेत, केसांत जट आलेला किंवा बायकी वळणाचा मुलगा देवीने मागितला, असे मानून त्यास जोगता करतात. तो लुगडे नेसतो, बांगड्या भरतो, डोक्यावर देवीचा जग घेतो व चौंडक्याच्या साथीवर गात परडीत जोगवा मागतो. रेणुकेच्या वैधव्याचे स्मरण म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेस बांगड्या फोडण्याचीही चाल आहे. अशा रीतीने त्यास मान व उपजीविका मिळते. परंतु विवाह, संसार आणि पुष्कळदा घरही सुटते. समाज त्याच्या ठिकाणी देवीस वंदन करतो. त्याची स्वतःची ओढ अनुच्चारितच राहते.

तिचा उघड उच्चार नवविचारवंतांनी केला. र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना, समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांनाही, उत्तरे दिली. त्यावरून १९३४ मध्ये झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तथापि कर्वे यांना दंड झाला. पुढे विजय तेंडुलकरांच्या मित्राची गोष्ट या नाटकाने स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध ३७७ व्या कलमाच्या कक्षेतून वगळले. धार्मिक व सांस्कृतिक क्षेत्रांतही त्याचे पडसाद उमटले. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत, महाभारतातील जरासंधाचे सेनापती हंस व डिंभक यांचा दाखला देऊन, अशा व्यक्तींना समाजात स्थान असावे, असे म्हटले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. संघाने त्या निर्णयाचे स्वागत केले. समाजात स्थान आहे, पण संसाराचा अधिकार नाही, ही जोगत्याच्या जीवनातील विसंगती अशा प्रकारे आधुनिक काळातही निराळ्या रूपाने टिकून आहे.