उड्डाण नोंदयंत्रांचा खोल समुद्रातील शोध

समुद्रात कोसळलेल्या विमानाचे भग्नावशेष हजारो मीटर खोलीवर हुडकून त्यांतील नोंदयंत्रे, म्हणजे सर्वसामान्यांच्या परिचयाचे ‘ब्लॅक बॉक्स’, वर काढण्याचे कार्य. मोठ्या प्रवासी विमानात अशी दोन यंत्रे असतात : वेग, उंची, दिशा, इंजिने आणि नियंत्रणे यांची मापे टिपणारा फ्लाइट डेटा रेकॉर्डर आणि वैमानिकांचे संभाषण व वैमानिक-कक्षातील इतर आवाज साठवणारा कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर. भडक नारिंगी रंगाच्या या यंत्रांतील नोंदी एका चिलखती स्मृतिकोशात असतात आणि तो ३,४०० जी इतका क्षणिक आघात, १,१०० अंश सेल्सिअस तापमानाची तासभराची आग आणि ६,००० मीटर खोलीवरील पाण्याचा दाब सोसू शकेल अशा कसोट्यांवर पारखला जातो. त्यामुळे खोल समुद्रात खरा प्रश्न बहुधा यंत्र टिकण्याचा नसून ते सापडण्याचा असतो.

शोधासाठी प्रत्येक यंत्राला एक ध्वनिसंकेतक, म्हणजे पिंगर, जोडलेला असतो. पाण्याचा स्पर्श होताच तो कार्यान्वित होऊन ३७.५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे स्पंद सुमारे सेकंदाला एक या गतीने सोडू लागतो. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात फार लवकर क्षीण होतात, म्हणून ध्वनीवाचून पर्याय नसतो. परंतु या वारंवारतेचा ध्वनीही दोन-तीन किलोमीटरांपलीकडे क्वचितच ऐकू येतो आणि तापमानात भेद असलेल्या पाण्याच्या थरांतून जाताना तो वळतो. तळ चार किलोमीटर खाली असेल तर पृष्ठभागावरील जहाजाला काहीच ऐकू येत नाही, म्हणून ध्वनिग्राहक लांब तारेने खोल सोडून मंद गतीने ओढत न्यावे लागतात, तेही पिंगरची बॅटरी संपण्यापूर्वी.

या पद्धतीची मर्यादा एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणाने स्पष्ट केली. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले हे एअरबस ए३३० विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण मृत्युमुखी पडले. काही दिवसांत विमानाची उभी शेपटी व इतर तरंगते तुकडे हाती आले, मात्र मुख्य अवशेष सापडेनात. पिंगर वाजत असतील त्या तीस दिवसांत फ्रान्सची अणुपाणबुडी आणि ओढते ध्वनिग्राहक यांनी ऐकण्याचा प्रयत्न केला, पण एकही संकेत मिळाला नाही. त्यानंतरच्या सोनार-मोहिमाही निष्फळ ठरल्या. अखेर मेट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या सांख्यिकी-तज्ज्ञांनी बेझच्या प्रमेयाधारे, म्हणजे प्रत्येक नव्या पुराव्यानुसार संभाव्यता सुधारत नेण्याच्या रीतीने, सर्व माहितीची फेरमांडणी केली. ध्वनिग्राहक जेथून गेले तेथे विमान नाही, हे गृहीतक त्यांनी सैल केले आणि दोन्ही पिंगर मुळातच निकामी झाले असण्याची शक्यता हिशेबात धरली. आधी ऐकून झाल्यामुळे जवळजवळ वगळलेला शेवटच्या ज्ञात स्थानाजवळचा पट्टा त्यामुळे पुन्हा अग्रक्रमाला आला, आणि वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या रेमस ६००० या स्वयंचलित पाणबुड्यांना एप्रिल २०११ च्या आरंभी, नवी मोहीम सुरू झाल्यावर आठवडाभरातच, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. ते शेवटच्या ज्ञात स्थानापासून सुमारे साडेसहा सागरी मैलांवर होते. न मिळालेला संकेत किती बोलका मानावा, याचा विचार या शोधाइतका क्वचितच निर्णायक ठरला असेल.

अवशेष सापडले तरी यंत्रे हाती येतातच असे नाही. केबलने जोडलेला, जहाजावरून दूरनियंत्रित होणारा रोबॉट तळावर उतरवला गेला, तेव्हा डेटा रेकॉर्डरचा सांगाडा प्रथम मिळाला तो स्मृतिकोशाविनाच. कोश १ मे रोजी आणि व्हॉइस रेकॉर्डर २ मे रोजी सापडला. वर आलेले यंत्र पाण्यातच बुडवून ठेवून प्रयोगशाळेत नेतात, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेल्या धातूला हवा लागली की गंज झपाट्याने वाढतो. तेथे ते उघडून, स्वच्छ करून आणि नियंत्रित रीतीने सुकवून मगच स्मृतिचिप वाचली जाते. जवळजवळ तेवीस महिने तळाशी राहूनही दोन्ही यंत्रांतील नोंदी वाचता आल्या आणि वेगमापक नळ्यांत बर्फाचे स्फटिक साचण्यापासून विमान उत्थापन गमावून कोसळण्यापर्यंतचा क्रम उलगडला. हा क्रम नोंदींवाचून कधीच कळला नसता. विमानाने आपोआप पाठविलेले दोन डझन संदेश बिघाड सांगत होते, मात्र वैमानिकांनी काय केले ते सांगत नव्हते.

खोल पाण्यातून नोंदयंत्रे काढण्याचे भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाचे आधीचे उदाहरण २३ जून १९८५ च्या घटनेचे आहे. आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने नष्ट झालेल्या एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ या बोइंग ७४७ विमानात ३२९ जणांनी प्राण गमावले. सुमारे २,००० मीटर खोलीवरून, समुद्री केबलच्या कामासाठी बनवलेल्या स्कॅरब या रोबॉटने दोन्ही यंत्रे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच वर आणली आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्वनिफितीचे विश्लेषण झाले. नोव्हेंबर १९८७ मध्ये मॉरिशसजवळ कोसळलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ‘हेल्डरबर्ग’ विमानाचा व्हॉइस रेकॉर्डर सुमारे ४,९०० मीटर खोलीवरून जानेवारी १९८९ मध्ये मिळाला, पण डेटा रेकॉर्डर कधीच मिळाला नाही. मलेशिया एअरलाइन्सचे ८ मार्च २०१४ रोजी नाहीसे झालेले एमएच ३७० मात्र, हिंदी महासागराच्या तळाचा सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटरचा भाग धुंडाळूनही, हाती आले नाही.

एअर फ्रान्सच्या तपासानंतर पिंगरचा कार्यकाळ तीस दिवसांवरून नव्वद दिवसांवर नेण्यात आला आणि लांब पल्ल्याच्या सागरी उड्डाणांसाठी विमानाच्या ढाच्यालाच ८.८ किलोहर्ट्झचा स्वतंत्र संकेतक बसवण्याची तरतूद झाली. त्याचा कमी वारंवारतेचा ध्वनी पाण्यात अधिक दूरवर पोचतो.