आगीची तूट

आजोबांच्या सराफी वहीत ‘आगीची तूट’ असा एक रकाना आहे. गाळलेल्या चांदीत जे कमी भरे, ते गिऱ्हाइकाच्या नावावर पडे. आगीतून उरते तेच खरे, असे आजोबा मानत. मीही मानत होतो. रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. टांकसाळींचा इतिहास वाचता वाचता शिकत गेलो आणि तो रकाना मला टोचू लागला.

टांकसाळींतही चांदीचा कस आगीनेच ठरे. नमुन्यात शिसे घालून तो हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. शिसे तांब्याला घेऊन राखेत मुरते, चांदीचा मणी उरतो. पण शिशासोबत थोडी चांदीही मुरते. हजारात ९०० भाग चांदीचा नमुना पॅरिसमध्ये सुमारे ८९६ भरे. परीक्षक प्रामाणिक, तराजू अचूक, तरी चार भाग हिशेबातून गळत.

पॅरिसच्या टांकसाळीतील गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये मिठाची रीत प्रसिद्ध केली. नत्राम्लात विरघळवलेल्या चांदीत मिठाचे पाणी घातले की पांढरा साका बसतो. प्रमाण ठरलेले : १ ग्रॅम चांदीला ०.५४२ ग्रॅम मीठ. मीठ कमी पडले तर चांदी पाण्यात राहते. जास्त झाले तर मीठ नुसते उरते, साका वाढत नाही. गे-ल्युसाकने साका तोललाच नाही. १०० मिलिलिटरमध्ये बरोबर १ ग्रॅम चांदी बसेल असे मिठाचे पाणी त्याने केले. समजा, नमुना १.११५ ग्रॅमचा आहे. आधी १०० मिलिलिटर ओतायचे, बाटली हलवून पाणी निवळू द्यायचे. मग दहापट पातळ पाणी थोडे थोडे घालायचे. त्याच्या मिलिलिटरला १ मिलिग्रॅम चांदी. साडेतीन मिलिलिटरनंतर गढूळपणा येणे थांबले, तर चांदी १.००३५ ग्रॅम, म्हणजे हजारात ९००.

भारतातील टांकसाळींत साका सुकवून तोलण्याची रीत रुळली. १८३५ च्या कंपनी रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अख्खा रुपया विरघळवला तर ५.८ ग्रॅम मीठ पुरते आणि साका भरतो १४.२ ग्रॅम. रुपयाहून साका जड! पहिल्यांदा हे उत्तर आले तेव्हा गणित चुकले असे वाटून मी ते तीनदा केले. मग उमगले, मिठातला क्लोरीनही साक्यात तोलला जातो. साक्याच्या वजनाला ०.७५३ ने गुणले की चांदी पुन्हा १०.६९.

आगीच्या हिशेबात चांदी गेली कुठे, हे कळत नाही; मिठाच्या हिशेबात प्रत्येक कणाचा पत्ता लागतो. आजोबांच्या दुकानातली राख आणि केर दरवर्षी झारेकरी विकत नेत. ते पैसे कुठल्या रकान्यात पडले, हे मी वहीत शोधले. ते जमेच्या बाजूला आहेत, आमच्या नावावर.