कुंपणाआतला जाड पाइप

खिदिरपूरची गोदी 1892 मध्ये सुरू झाली, तेव्हा कलकत्त्याचे रॉकेल हुगळीच्या खालच्या अंगाला, बजबजच्या धक्क्यांवर उतरत होते. आज खिदिरपूरकडून विद्यासागर सेतू ओलांडून हावड्यात शिरले की पुढे मौरीग्राम लागते. हल्दियाहून निघालेली इंडियन ऑइलची पाइपलाइन तिथे टेकून राजबंधला जाते. अशा बहुतेक स्टेशनांत एक गोष्ट दिसते: शेतातून आलेला पाइप पातळ आणि कुंपणाआतला जाड. तेल तेच, दाबही जवळपास तोच. मग पोलाद एकाएकी कमजोर होते की काय? तसे काही नाही. हा फरक पाइपांचे कोड लिहिणाऱ्या कमिट्यांनी घडवला, आणि म्हणूनच तो डोळे झाकून पाळू नये.

अमेरिकेत 1926 मध्ये दाबाच्या पाइपांसाठी बी31 हा प्रकल्प हाती घेतला गेला आणि 1935 मध्ये त्याची पहिली संहिता निघाली. वाफ, गॅस, तेल, सगळे एकाच पुस्तकात होते. पुढे एकेका धंद्याने वेगळी चूल मांडली. 1959 मध्ये रिफायनरीसाठी बी31.3 आणि तेलवाहिन्यांसाठी बी31.4 असे दोन कोड निघाले. वाहिनीवाल्यांचा हिशेब साधा होता: कारखान्यात पाइप पोलादाच्या किमान यील्ड ताकदीच्या 90 टक्क्यांपर्यंत ताणून तपासायचा आणि त्या ताणाच्या 80 टक्के, म्हणजे यील्डच्या 72 टक्के, ताण रोजच्या कामाला द्यायचा. शेकडो किलोमीटर पोलाद विकत घेणाऱ्याला प्रत्येक मिलिमीटर महाग पडतो. रिफायनरीत पाइप आखूड, पण उष्णता, कंपने, फांद्या आणि माणसे भरपूर. म्हणून तिथे तुटण्याच्या ताकदीचा तिसरा हिस्साच वापरायचे ठरले. एक्स52 ग्रेडच्या पोलादाला यामुळे बी31.4 मध्ये 258 मेगापास्कल ताण मिळतो, बी31.3 मध्ये 152. 324 मिलिमीटर व्यासाच्या आणि 100 बार दाबाच्या पाइपाची भिंत, गंजाची भर न धरता, 6.3 वरून 10.4 मिलिमीटरवर जाते. बी31.3 यील्डपेक्षा तुटण्याच्या ताकदीला मोजत असल्याने महागड्या ग्रेडचा फायदाही आटतो. साध्या ए106 ग्रेड बी पाइपाला 11.4 मिलिमीटर पुरतात. कुंपणाआत रिफायनरीचा कोड लावलेल्या स्टेशनात जाड, साधा पाइप दिसतो त्याचे हे मोठे कारण.

कोणी म्हणेल, मग सगळीकडे कडक कोडच का लावू नये? शेकडो किलोमीटर जाड पोलाद गाडून बाहेरची जेसीबी थांबत नाही. तिथे खोली, गस्त आणि गंजरोधन जास्त कामाचे. उलट आक्षेप अधिक वजनदार आहे: बी31.4 च्या कक्षेत पंपिंग स्टेशन आणि टाक्यांचे आवारही येते, तर एकच कोड शेवटपर्यंत का नको? कोडनुसार चालेल, आणि साध्या स्टेशनात ते बरेही. पण पंपाभोवतीच्या थरथरत्या, फांद्या फुटलेल्या पाइपाला 72 टक्क्यांचे गणित शोभत नाही. तिथे जाडी घ्यावीच. किंमत मोजावी लागते ती सांध्यावर: पातळ, ताकदवान पाइप आणि जाड, मऊ पाइप यांच्यामध्ये जाड टोकाला उतार द्यावा लागतो किंवा मधल्या जाडीचा तुकडा वेल्ड करावा लागतो.

तेव्हा दोन कोडांमधली सीमा कुंपणाच्या तारेवर सोपवू नये. पाइपाची ऑर्डर जाण्याआधीच ती आराखड्यावर एका ठरावीक व्हॉल्व्हपाशी किंवा इन्सुलेटिंग जॉइंटपाशी आखावी, आणि दोन्ही बाजूंचा कोड, ग्रेड व चाचणीचा दाब तिथेच लिहावा.